मा जोडच्या हातातला जॅकचा दांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीवर एम.ए.साठी निबंध लिहायचा आहे. बाजारातल्या गाइडांत केसी हा माजी उपदेशक म्हणजे येशू, जमिनीवरून हाकललेल्या जोड कुटुंबाचा ओक्लाहोमा ते कॅलिफोर्निया प्रवास म्हणजे इस्राएल लोकांचं निर्गमन आणि मा ही त्या घरातली आई म्हणजे आदर्श माता, अशी कोष्टकं दिलेली असतात. ती खरी मानायची का? कुटुंब शेवटी फुटतंच, मग 'कुटुंबाची एकजूट' हा विषय कादंबरीत आहे असं कसं म्हणायचं? आणि मा जोड स्त्रीवादी की पुरुषप्रधान घराची राखणदार?

ही कादंबरी मी पंचवीसेक वर्षं वर्गात शिकवत आले. माझं मत आधीच सांगून टाकते. कोष्टकं चुकीची नाहीत, पण त्यांच्याने काही हाती लागत नाही. बायबलातली कथा या कादंबरीत जिथे जुळते तिथे थांबू नका. ती कुठे मोडते ते शोधा, कारण तिथे बहुतेक वेळा एक बाई काहीतरी काम करत असते. तिन्ही प्रश्न तिथूनच सुटतात.

आधी एक गैरसमज दूर करते. ही माणसं धुळीच्या वादळांमुळे निघाली असं सगळे लिहितात. धूळ कादंबरीत आहेच. पहिलं प्रकरण तिचंच आहे. पण जोडांचं गाव सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, अर्कान्सॉच्या सीमेजवळ. 'डस्ट बोल'चा, म्हणजे त्या धुळीच्या पट्ट्याचा, खरा भाग तिथून शेकडो मैल पश्चिमेला. जोडांना घालवलं ते बँकेने आणि ट्रॅक्टरने. दुष्काळ दैवी असतो, ट्रॅक्टर कोणीतरी पाठवलेला असतो. बायबलातला फारो नाव आणि चेहरा असलेला राजा आहे. इथे जोडांचा शेजारी म्यूली ग्रेव्हज चिडून उठतो, पण सूड कुणावर उगवायचा तेच त्याला कळत नाही. जमीन कंपनीची, कंपनी बँकेची, बँक पूर्वेकडच्या कुणाची तरी. निर्गमाची कथा इथे पहिल्याच पावलाला अडखळते.

आता घराकडे वळू. आडनावाचा उच्चार 'जोड' असाच आहे. मराठीत ते लिहिलं की आपल्याला वेगळंच काही ऐकू येतं. वर्गात हसू व्हायचं आणि मी ते होऊ द्यायचे, कारण अर्थ जागेवर बसतो. ट्रकवर चढताना घरातली माणसं बारा: ग्रँपा, ग्रँमा, पा, मा, अंकल जॉन, नोआ, टॉम, रोझ ऑफ शॅरन, तिचा नवरा कॉनी, ॲल, रूथी आणि विनफिल्ड. तेरावा जिम केसी, एकेकाळचा धर्मोपदेशक. बारा म्हणजे बारा वंश किंवा बारा शिष्य, आणि तेरावा जे. सी., म्हणजे जीझस क्राइस्टची आद्याक्षरं. लेखकाने हे लपवलेलं नाही. शेवटच्या पानावर मोजा: मा, पा, अंकल जॉन, रोझ ऑफ शॅरन, रूथी, विनफिल्ड. बरोबर निम्मे. दोघं मेली, नोआ नदीकाठाने निघून गेला, कॉनी पळाला, टॉम फरार, ॲल होणाऱ्या बायकोच्या माणसांसोबत मागे राहिला. परीक्षक 'एकजूट' म्हणतात तेव्हा हा हिशेब कुणी करत नाही.

दहाव्या प्रकरणातली घरची बैठक नीट वाचा. पुरुष उकिडवे बसलेत, बाया आणि पोरं मागे उभी. ग्रँपाला आता काही कळत नाही, पण पहिलं बोलायचा मान त्याचा. केसीला सोबत घ्यायचं का, हा प्रश्न निघतो. पुरुष हिशेब करतात: माणसं किती, जागा किती, डुकराचं मांस किती पुरेल. मग पा माला विचारतो, जमेल का? ती सरळ म्हणते, प्रश्न जमेल का हा नाहीच, करणार आहोत का हा आहे. जोडांच्या दारातून आजवर कुणी उपाशी परत गेलेलं नाही. विषय संपतो. उभी असलेली बाई बसलेल्यांचा निर्णय करून देते, पण बसत नाही. इथपर्यंत जुनी व्यवस्था शाबूत आहे, आणि आपल्यालाही ती ओळखीची आहे. आपल्या किती घरांत माजघरातून आलेलं एक वाक्य ओसरीवरची चर्चा संपवत असे!

निघायच्या आधी पहाटे मा एकटी एक डबा उघडते. पत्रं, कात्रणं, फोटो, त्यात टॉमच्या खटल्याचं कात्रणही आहे. बारीकसारीक दागिने काढून घेते आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवते. 'ठेवते' म्हणते मी. ती तो फेकत नाही. त्या दागिन्यांतली कानातली पुढे ती रोझ ऑफ शॅरनला देते, तिचे कान टोचून. घराचा इतिहास जाळणारी तीच आणि त्यातला लेकीच्या कानात घालता येईल एवढा तुकडा वाचवणारीही तीच.

तो जॅकचा दांडा सोळाव्या प्रकरणात येतो. वाटेत भेटलेल्या विल्सन नवरा-बायकोची जुनी गाडी बिघडते. टॉम शहाणपणाचा मार्ग सुचवतो: मी आणि केसी थांबून गाडी दुरुस्त करतो, बाकीचे ट्रकने पुढे जा, कामाला लागा, आम्ही गाठतोच. पाला पटतं. सगळ्यांनाच पटतं. मा गाडीतला जॅकचा दांडा उचलते आणि हातात तोलत उभी राहते. मी जाणार नाही. न्यायचंच असेल तर मारून न्या. आणि ती नुसतं रडत मार खाणार नाही. नवरा पाठमोरा झाला किंवा बसला की बादली घालेन डोक्यात, असं शपथेवर सांगते. पा हताश होऊन बघतो. ही इतकी उलटून बोलताना त्याने कधी पाहिलेली नाही. रूथी खुदकन हसते. लेखक तिथेच लिहून टाकतो की आता सत्ता तिच्याकडे आली.

विद्यार्थी इथे 'स्त्रीसत्तेचा उदय' असा मथळा देतात आणि पुढे जातात. थांबा. ती सत्ता कशासाठी घेते? तिचा युक्तिवाद असा की आपल्याकडे आता उरलंय काय? जमीन गेली, घर गेलं. अखंड घराणं एवढीच मालमत्ता. हे भावनेचं बोलणं वाटतं, पण त्यात रोकडा व्यवहार आहे. एका वर्षी वर्गात बीड जिल्ह्यातला मुलगा होता, आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्याने विचारलं, "मॅडम, यात मुकादम कुठंय?" मुकादम आहे, म्हणाले मी. विसाव्या प्रकरणात ठेकेदार येतो, सोबत शेरीफचा माणूस. परवाना दाखव आणि मजुरी लिहून दे म्हणणाऱ्या फ्लॉइड या मजुराला लगेच पकडायला बघतात. फरक एवढाच की आपल्याकडे उचल देऊन माणसं बांधतात, तिथे जाहिरातीची पत्रकं वाटून नको तितकी माणसं बोलावतात. आठशे मजूर हवेत म्हणून पाच हजार पत्रकं छापायची, ती वीस हजार लोकांनी वाचायची, आणि मग भाव पाडायचा. तोच मुलगा पुढे म्हणाला, "आमच्याकडं कोयता म्हणजे दोघं. एकटा माणूस कोयता नसतो." जॅकच्या दांड्यावर यापेक्षा चांगलं भाष्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. हूपर रँचवर पीचची पेटी पाच सेंटला. सगळं घर राबतं तेव्हा वीस पेट्यांचा एक डॉलर होतो, आणि तेवढ्यात मा रात्रीचं जेवण बसवते. घर तुटलं की मजुरी तुटते. तिची माया आणि तिचा हिशेब वेगळे काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत.

मग स्त्रीवादी का? सव्विसाव्या प्रकरणात पा कुरकुरतो की पूर्वी काय करायचं ते पुरुष ठरवायचा, आता बायाच सांगतात, काठी काढायची वेळ आली वाटतं. मा उत्तर देते: पोटाला अन्न आणि टेकायला जागा आण, मग काढ काठी, सध्या तू तुझं काम करत नाहीयेस. झणझणीत आहे ना? पण मागाहून ती टॉमला खरं कारण सांगते. काळजी माणसाला आतून खाते, त्याला चिडवलं की तो ताठ होतो. म्हणजे सत्ता हातात असताना ती तिचा उपयोग नवऱ्याला पुन्हा उभं करायला करते. तिला व्यवस्था मोडायची नाहीये. व्यवस्था आधीच मोडलीये आणि मधल्या काळात कुणीतरी भात शिजवायला हवा, अशी तिची समजूत. वॉरन मॉटली या अभ्यासकाने १९८२ साली पितृसत्तेकडून मातृसत्तेकडे असा या कादंबरीचा प्रवास मांडला. तो निबंध जरूर वाचा. मला स्वतःला 'सत्ता' हा शब्द थोडा जड वाटतो. शेवटाकडे मा पाला सांगते की पुरुष झटक्याझटक्याने जगतो: जन्म एक झटका, मरण एक, जमीन घेतली की एक, गेली की एक. बाईचं आयुष्य नदीसारखं सलग. भोवरे आले, धबधबे आले तरी वाहतच. सुंदर आहे, पण यावर प्रश्न विचारायचा तर विचारा: बाईला निसर्ग ठरवणं ही पुरुष लेखकाची सोय तर नाही? निबंधात हा आक्षेप घ्याल तर गुण वाढतीलच.

आता बायबल. मराठी वाचकाला एक सोय आहे, पुस्तकांची मराठी नावं अर्थ सांगतात: निर्गम, गणना, गीतरत्न, उपदेशक, प्रकटीकरण. कोष्टक पाठ करण्याऐवजी ही पाच उघडून बसा.

द्राक्षांपासून सुरू करू. गणनाच्या तेराव्या अध्यायात मोशेचे हेर कनान देशातून द्राक्षांचा एवढा मोठा घड आणतात की दोघांना तो दांडीवर घालून वाहावा लागतो. ग्रँपाच्या डोक्यात तोच देश आहे. कॅलिफोर्नियात गेल्यावर द्राक्षं तोंडावर चुरडीन आणि रस हनुवटीवरून गळू देईन म्हणतो. निघायच्या दिवशी मात्र हटून बसतो. औषध घातलेली कॉफी पाजून, झोपवून त्याला ट्रकवर चढवावं लागतं. पहिल्याच मुक्कामी तो मरतो. निघालेली पिढी रानात मरणार आणि वचनाची भूमी पाहणार नाही, इथपर्यंत बायबल तंतोतंत. मोडतं ते पुढे, कारण पोचलेल्यांनाही काही मिळत नाही. पंचविसाव्या प्रकरणात भाव टिकावा म्हणून संत्र्यांवर केरोसीन ओततात, बटाटे नदीत टाकून काठावर पहारा ठेवतात. द्राक्षं आता प्रकटीकरणातली होतात, देवाच्या क्रोधाच्या कुंडातली. शीर्षक आलं ज्युलिया वॉर्ड हाउ या कवयित्रीने अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात रचलेल्या गीतातून, आणि ते सुचवलं स्टाइनबेकच्या पत्नीने, कॅरलने. अर्पणपत्रिकेतही तिचं नाव आहे. पुस्तकाचं नाव दोन बायकांच्या हातून आलं, हे मी वर्गात मुद्दाम सांगायचे.

बायकांचा विषय निघालाच तर सनोरा बॅब या लेखिकेचं नाव टाळून पुढे जाऊ नका. ती स्वतः त्याच मैदानी भागातली. कॅलिफोर्नियात स्थलांतरितांच्या छावण्यांत तिने काम केलं आणि टिपणं ठेवली. ती टिपणं छावणीप्रमुख टॉम कॉलिन्समार्फत स्टाइनबेकपर्यंत पोचली असं सांगतात. तिचीही कादंबरी तयार होत होती. पण १९३९ साली 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' गाजली आणि प्रकाशकाने तिची परत केली. ती छापून आली २००४ मध्ये. स्टाइनबेकने चोरी केली असं मी म्हणत नाही. त्याने स्वतः १९३६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रासाठी छावण्या फिरून लेखमाला लिहिली होती. पण बायकांचं बळ दाखवणाऱ्या पुस्तकामुळेच एका बाईचं पुस्तक पासष्ट वर्षं पडून राहिलं.

केसीबद्दल आटोपतं घेते, कारण तो सोपा आहे. रानात जाऊन विचार करतो, दुसऱ्यासाठी तुरुंगात जातो, मारेकऱ्यांना 'तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत नाही' असं म्हणत मरतो. लूकच्या शुभवर्तमानातलं वधस्तंभावरचं वाक्यच ते. टॉम मग त्याचा शिष्य होतो आणि त्याने सांगितलेलं उपदेशक पुस्तकातलं वचन, एकापेक्षा दोघे बरे, आईला म्हणून दाखवतो. सगळं जागच्या जागी बसतं आणि म्हणूनच त्यावर चार पानं लिहू नका.

पानं खर्च करायची तर अठराव्या प्रकरणावर करा. मोहावीचं वाळवंट रात्री ओलांडायचंय. मागे गादीवर ग्रँमा आणि तिच्या शेजारी मा. डॅगेटच्या नाक्यावर शेतमालाची तपासणी करणारे ट्रक अडवतात, सामान उतरवा म्हणतात. मा धडपडत खाली उतरते. म्हातारी फार आजारी आहे, डॉक्टरकडे न्यायचंय, थांबता येणार नाही. चेहरा सुजलेला, आवाज असा की ते घाबरून सोडून देतात. पुढच्या गावात डॉक्टर असतो, पण मा थांबू देत नाही. पहाटे तेहाचापीच्या उतारावर ट्रक थांबतो. खाली दरी: द्राक्षमळे, फळबागा, पिवळं गहू, सकाळचं ऊन. मोशेने डोंगरावरून पाहिलेला देश हाच. सगळे नि:शब्द. तेव्हा मा सांगते, ग्रँमा गेली. कधी? त्या नाक्याच्याही आधी. रात्रभर ती प्रेताला बिलगून पडली होती, कारण घराणं पलीकडे पोचायला हवं होतं. केसी म्हणतो, या बाईच्या प्रेमाची मला भीती वाटते. मोशेला देश दाखवणारा देव इथे नाही. इथे देश दिसायची किंमत एका बाईने अंधारात चुकती केली आहे, आणि ज्यांच्यासाठी केली त्यांना ती किंमत देश पाहून झाल्यावरच कळते. मी दरवर्षी हे पान मोठ्याने वाचायचे, आणि दरवर्षी पुढचं काही बोलायला पाच मिनिटं जायची.

आणखी एक बाजू. वचनाच्या भूमीत आधीपासून लोक राहत होते, हे बायबल लपवत नाही. कादंबरीतही कुळं ऐटीत सांगतात की आजोबांनी इंडियनांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, मारून, हाकलून ही जमीन घेतली. सॅलिसॉ हा चेरोकी लोकांचा मुलूख, आणि चेरोकीही तिथे दूरवरून हाकलून आणलेले. लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. आजच्या वाचकाने तिथे थांबायला हवं.

शेवटाकडे येऊ. पूर आलाय आणि रोझ ऑफ शॅरनचं मूल मेलेलं जन्मतं. अंकल जॉन ते सफरचंदाच्या खोक्यात घालून पाण्यात सोडतो आणि त्याला बजावतो की जा, त्यांना सांग. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आई टोपलीत बाळ ठेवते, बहीण लांबून लक्ष ठेवते, राजकन्या उचलते. तीन बायका एक जीव वाचवतात. इथे एक दारुडा, अपराधाने पिचलेला म्हातारा एक प्रेत शहराकडे पाठवतो. मोशे वाचवायला आला होता, हा साक्ष द्यायला चाललाय, आणि खोकंही फळांचंच. मोडलेल्या प्रतीकाचं इतकं निष्ठुर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि मग ते कोठार. सहा दिवस पोटात काही नसलेला अनोळखी माणूस, शेजारी त्याचा पोरगा. मला भूक नाही म्हणत असेल ते मुलाला देत राहिला आणि आता भाकरीही पचत नाही. गीतरत्नात शारोनाच्या फुलाचं नाव मिरवणारी वधू असते. इथे त्या नावाची, नवऱ्याने टाकलेली, मूल गमावलेली पोरगी आपलं दूध त्याला पाजते. प्रकाशकाकडच्या संपादकाला हा शेवट नको होता. निदान त्या माणसाची ओळख आधी करून दे, असं त्याने सुचवलं. जानेवारी १९३९ च्या पत्रात स्टाइनबेकने साफ नकार दिला: तो परकाच हवा, योगायोगानेच भेटायला हवा, आणि यात भाकरीचा तुकडा देण्याहून जास्त भावना नाही. प्रभुभोजनाची आठवण येतेच, 'हे माझे शरीर आहे'. पण ही भाकर मोडणारा कुणी गुरू नाही. पुस्तकभर कुरकुरणारी, स्वतःपलीकडे न पाहणारी एक मुलगी आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. थोडं आधी मा शेजारच्या बाईला, मिसेस वेनराइटला सांगते की पूर्वी घर पहिलं असायचं, आता तसं नाही. आता कुणीही, आणि जितके खाली जाऊ तितकं जास्त करावं लागतं. एकजूट टिकली नाही. तिची हद्द सरकली. ग्रँपाला सेरी विल्सनच्या गोधडीत गुंडाळून पुरलं तेव्हाच ती सरकायला लागली होती. आता कोठारातला तो परका पोरगा ओल्या रोझ ऑफ शॅरनसाठी आपलं मळकं पांघरूण पुढे करतो.

निबंधात एवढं एक दाखवून द्या. कोठारात माय-लेकी एकमेकींच्या डोळ्यांत पाहतात, मुलगी 'हो' म्हणते. मा सगळ्यांना बाहेरच्या खोपटात जायला सांगते. रूथी काहीतरी विचारायला तोंड उघडते. गप, चल बाहेर, म्हणून मा तिला हाकलते, त्या परक्या पोरालाही ओढून सोबत घेते. दोन माणसं मागे राहू नयेत म्हणून नवऱ्यावर जॅकचा दांडा उगारणारी ही बाई. ती लेकीला त्या माणसापाशी ठेवते आणि करकरणारं दार आपल्या हाताने ओढून घेते.